गरम इंजिन पटकन सुरू होत नाही, तिसऱ्या इंजेक्टरचा कोड येतो : चारही इंजेक्टर बदलावेत का?

प्रश्न : अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, १.३ लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाची (म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या सर्व इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, रेलमधून, डिझेल मिळते अशा इंजिनाची) छोटी गाडी असून तिचे आजवर १ लाख ३८ हजार किलोमीटर रनिंग झाले आहे. आईच्या उपचारांसाठी दर पंधरा दिवसांनी आम्हाला पुण्याला जावे लागते, त्यामुळे गाडी वाटेत दगा देणार नाही याची खात्री असणे माझ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

गेल्या तीन महिन्यांपासून पुढील त्रास सुरू आहे. सकाळी गार इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते. परंतु तासभर गाडी चालवून चहासाठी पंधरा-वीस मिनिटे थांबलो, की पुन्हा सुरू करताना आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो आणि कधी कधी तर दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू होते. सुरू होताच पांढरट करडा धूर येतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. आयडलिंगला गाडी थरथरते, गिअरचा दांडा हलताना दिसतो आणि बॉनेट उघडून कान दिला असता एका बाजूने टक-टक असा कोरडा आवाज ऐकू येतो. पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढताना पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारी गाडी आता दुसरा मागते. लिटरला २१ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज १७ वर आले आहे.

स्कॅनिंगमध्ये पी ०२६९ हा तिसऱ्या सिलिंडरच्या कामगिरीचा कोड कायम दिसतो आणि पी ००८७, म्हणजे रेलमधील दाब कमी असल्याचा कोड, अधूनमधून येतो. गॅरेजने चारही इंजेक्टर नवे टाकण्याचा सल्ला दिला असून मजुरीसह ६४,००० रुपये खर्च सांगितला आहे. दोष इंजेक्टरचाच आहे हे निश्चित कसे करावे, आणि तो एकाचाच असेल तर चारही बदलणे गरजेचे आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. डिझेल फिल्टर बदलून १४ हजार किलोमीटर झाले आहेत.

उत्तर १ : नोझलवाला (कोल्हापूर)

अजिंक्यतारा, आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच आहे. मी बावीस वर्षे पंप-नोझल दुरुस्तीचे काम करतो आणि गार इंजिन झटकन सुरू होणे पण गरम इंजिनाने सेल्फ खात राहणे हे लक्षण माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येते. तरीही कोणतीही तपासणी न करता चार इंजेक्टर बदलण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण कोड फक्त कोणता सिलिंडर कमी पडतो एवढे सांगतो, तो का कमी पडतो हे सांगत नाही.

आधी इंजेक्टरच्या आत काय घडते ते पाहू. रेलमधून आलेले डिझेल इंजेक्टरमध्ये दोन ठिकाणी जाते : एक वाट खाली नोझलच्या टोकाशी आणि दुसरी वाट सुईच्या डोक्यावरील एका छोट्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या वरच्या भोकावर एक बारीक गोळी बसलेली असते. गोळी बसलेली असेपर्यंत सुईच्या वर आणि खाली दाब सारखाच असतो, मात्र वरचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे सुई खाली दाबलेली राहते. कॉइलला वीज मिळाली की गोळी उचलली जाते, कप्प्यातील डिझेल रिटर्न लाइनमध्ये निघून जाते, वरचा दाब पडतो आणि सुई उठून डिझेल सिलिंडरमध्ये फवारले जाते. म्हणजे चांगल्या इंजेक्टरमधूनही थोडे डिझेल परत जाणारच. पण गोळी जिथे बसते ती बैठक झिजली, की कॉइलला वीज नसतानाही डिझेल तिथून सतत निसटत राहते.

आता गरम इंजिनाचा प्रश्न. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे-अडीचशे फेरे घेते, त्यामुळे पंप फार थोडे डिझेल ढकलू शकतो. रेलमध्ये एका किमान पातळीइतका दाब झाल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही आणि बऱ्याच इंजिनांत ही पातळी साधारण २०० बारच्या आसपास असते. गार डिझेल घट्टसर असल्यामुळे झिजलेल्या बैठकीतूनही कमी निसटते आणि दाब तयार होतो. गरम डिझेल पातळ होते, पंपाने दिलेले त्या वाटेने निघून जाते आणि दाब तयार व्हायला वेळ लागतो. आपले दोन्ही कोड एकत्र येण्याचे कारणही बहुधा हेच आहे.

पण पी ००८७ चे बाप अनेक असतात. तुंबलेला फिल्टर, टाकीकडून येणाऱ्या नळीत शिरणारी हवा, पंपावरील मीटरिंग व्हॉल्व्ह, रेलच्या टोकाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, आणि स्वतः पंप. म्हणून सर्वांत स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करावी. १४ हजार किलोमीटर झालेला फिल्टर बदलाच, मात्र जुना फिल्टर फेकण्यापूर्वी त्यातील डिझेल एका पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात धरून पाहा. तळाशी थेंबथेंब गोळा झालेले पाणी दिसते का, आणि अभ्रकासारखी चमचमणारी धातूची पूड दिसते का, या दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पाणी दिसले तर टाकी साफ करावी लागेल. चमचम दिसली तर पंप आतून झिजतो आहे असे समजा, कारण तशा स्थितीत नवे इंजेक्टर टाकले तरी तीच पूड त्यांनाही खाऊन टाकील. फिल्टर आणि पंपाच्या दरम्यानची नळी पारदर्शक असेल तर तिच्यात बुडबुडे धावताना दिसतात का, तेही बघा.

यानंतर करायची खरी तपासणी म्हणजे बॅक लीक, अर्थात प्रत्येक इंजेक्टरमधून रिटर्न लाइनमध्ये परत जाणारे डिझेल, मोजणे. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरची रिटर्नची पिन हळूच काढून तिथे पारदर्शक नळी बसवायची. आमच्याकडे बरेच जण यासाठी सलाइनच्या नळ्या वापरतात. चारही नळ्या एकाच मापाच्या, खुणा असलेल्या चार बाटल्यांत सोडायच्या, टाकीकडे जाणाऱ्या रिटर्न पाइपचे उघडे तोंड बंद करायचे, इंजिन चांगले गरम असताना तीन मिनिटे आयडलिंगवर ठेवायचे आणि प्रत्येक बाटलीत किती मिलिलिटर आले ते लिहून घ्यायचे. आकडा किती आला यापेक्षा चारांमध्ये फरक किती आहे याला महत्त्व आहे. तीन बाटल्या सारख्या आणि एकीत तिप्पट डिझेल आले, तर चोर सापडला असे समजावे. चारही सारख्या आणि कमी असतील, तर इंजेक्टर सोडून पंपाकडे व व्हॉल्व्हकडे वळावे लागेल. क्रमांक १ चा सिलिंडर कोणत्या बाजूने मोजतात हे आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्या, कारण उलट्या बाजूने मोजून चांगला इंजेक्टर काढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि ही पद्धत कॉइलच्या इंजेक्टरसाठी आहे; पायझो प्रकारच्या काही इंजेक्टरना रिटर्न लाइनमध्ये ठरावीक दाब टिकून राहावा लागतो, त्यांची तपासणी अशी उघड्या बाटल्यांत करू नये.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या डिझेल गाड्यांवर आपण इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचे नट सैल करत असू आणि मिसिंग कुठे आहे, म्हणजे कोणता सिलिंडर नीट पेटत नाही, ते शोधत असू. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. आयडलिंगलाच रेलमध्ये २५०-३०० बार दाब असतो आणि पूर्ण लोडला या पिढीच्या इंजिनांत तो १,६०० बारपर्यंत जातो. त्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्याएवढीच जखम दिसते, पण आत डिझेल पसरून मांस सडू लागते आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती शोधताना बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा, आणि इंजिन बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत थांबल्याखेरीज जाड लोखंडी पाइपला पाना लावू नका.

उत्तर २ : शिल्प निदेशक (अहिल्यानगर)

वरील उत्तर अगदी योग्य आहे. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड शिकवतो, त्यामुळे विजेच्या बाजूविषयी आणि सिलिंडरच्या अंतर्गत स्थितीविषयी थोडी भर घालतो, कारण इंजेक्टरवर ठपका ठेवण्यापूर्वी या दोन्ही बाजू निर्दोष असल्याची खात्री झाली पाहिजे.

पी ०२०१ ते पी ०२०४ हे कोड इंजेक्टरच्या विद्युत मंडलाचे असतात : तार तुटली, कपलर (तारांचा जोड) सैल झाला, कॉइल जळाली, की हे येतात. पी ०२६३, पी ०२६६, पी ०२६९ आणि पी ०२७२ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या वाट्याचे कोड आहेत. ईसीएम क्रँकच्या सेन्सरवरून प्रत्येक सिलिंडरच्या धक्क्यानंतर इंजिनाचा वेग किती वाढला ते मोजते आणि कमी पडणाऱ्याला थोडे जास्त डिझेल देऊन तोल साधते. ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हा कोड येतो. त्यामुळे आपल्या गाडीत तिसऱ्या इंजेक्टरची तार पूर्ण तुटलेली नसावी, असा अंदाज करता येतो. तरीही कपलर काढून त्याच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, आणि हार्नेस (तारांचा जुडगा) हेडच्या कडेला घासून सोलला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. ऊसतोडणीच्या हंगामानंतर उंदीर घरांकडे आणि गाड्यांकडे वळतात. गेल्या वर्षी आमच्या कार्यशाळेत आलेल्या एका गाडीत इंजेक्टरच्या दोन तारा अर्ध्या कुरतडलेल्या होत्या आणि गाडी फक्त खड्ड्यात आदळली की मिसिंग करत असे.

कॉइलचा रोध मोजताना एक काळजी घ्यावी. या प्रकारच्या डिझेल इंजेक्टरचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो आणि साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम भरतो. म्हणून आधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावून आकडा पाहावा, तो नंतरच्या मोजमापातून वजा करावा आणि चारही इंजेक्टरची तुलना करावी. पेट्रोलच्या साध्या इंजेक्टरना १२ ते १६ ओहम रोध असतो, तो आकडा मनात धरून डिझेलचा इंजेक्टर शॉर्ट झाला असे ठरवू नये. इंजिन चालू असताना मात्र या कपलरना हात लावू नये, कारण इंजेक्टर उघडण्यासाठी ईसीएम बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून ६५ ते ८० व्होल्टपर्यंत नेते.

दुसरा मुद्दा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याचा, आहे. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळत असेल किंवा रिंग झिजली असेल तरीही त्याचा वाटा कमीच भरेल आणि हाच कोड येईल. ग्लो प्लगच्या (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागी गेज लावून चारही सिलिंडर तपासावेत. चारांत फारसा फरक नसेल तर इंजिनाच्या शरीराविषयी निश्चिंत व्हावे. त्याच वेळी इंजेक्टरच्या मुळाशी, हेडच्या विहिरीत, काळा डांबरासारखा थर साचला आहे का आणि चालू इंजिनात तिथून चुक-चुक असा आवाज येतो का हेही पाहावे. तसे असेल तर इंजेक्टर चांगला असून केवळ त्याखालचे तांब्याचे वॉशर फुटले आहे, असेही होऊ शकते.

शेवटची आणि सर्वांत तातडीची गोष्ट : आजच ऑइलची डिपस्टिक काढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर नोझल टपकत असून डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरत आहे. तशा ऑइलवर पुण्याला जाऊ नये. बेअरिंग खराब होतातच, शिवाय ऑइल फार वाढले तर इंजिन तेच ओढून जाळू लागते आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

उत्तर ३ : मांडवी तीर (पणजी)

पंपावर किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्या मिळतात. एवढा खर्च करण्याआधी त्यातली एखादी टाकीत घालून पाहणे योग्य ठरेल का? माझ्या पेट्रोल गाडीच्या आयडलिंगमध्ये त्याने फरक पडला होता.

उत्तर ४ : नोझलवाला (कोल्हापूर)

मांडवी तीर, आपल्या पेट्रोल गाडीत फरक पडला असेल यावर माझा विश्वास आहे, कारण तिथे नोझलच्या तोंडाशी साचलेला चिकट थर विरघळला असणार. डिझेलमध्येही केवळ थर साचला असेल तर थोडा उपयोग होतो. परंतु झिजलेल्या बैठकीचे धातू कोणतेही रसायन परत भरून देऊ शकत नाही. गरम इंजिनाचा सेल्फ लांबणे हे झिजेचे लक्षण आहे, मळाचे नाही. अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन घेण्यालाही हीच मर्यादा आहे.

आणखी एक सांगतो. या पंपाला आणि इंजेक्टरला वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्यांचे वंगण. सुई आणि तिच्या म्यानातील फट दोन-चार मायक्रॉनची असते. कोणी रॉकेल मिसळून चालवतो, कोणी थिनर घालून 'साफ' करतो, तेव्हा त्या फटीतील वंगणच निघून जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आले आणि गंधकाचे प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर उतरले, तेव्हा 'आता पंप कोरडे पडतील' अशी भीती पसरली होती. प्रमाणित डिझेलला वंगणगुणाचीही अट असते, त्यामुळे चांगल्या पंपावरील डिझेलविषयी ती भीती बाळगण्याचे कारण नाही. भेसळ मात्र जीवघेणी आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार घालवून आपण सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली, तिचे निष्कर्ष येथे देत आहे.

ऑइलची पातळी दोन खुणांच्या मधोमध आहे आणि डिझेलचा वास नाही. जुन्या फिल्टरमधील डिझेल आईच्या पांढऱ्या एनॅमलच्या तसराळ्यात ओतून पाहिले. तळाशी मोहरीएवढे पाण्याचे पाच-सहा थेंब होते, तसराळे तिरके केले की ते एकमेकांकडे धावत आणि जोडले जात. धातूची चमचम अजिबात नव्हती, तळाशी चुंबक फिरवूनही काही हलले नाही. नवा फिल्टर टाकल्यावर पी ००८७ आठ दिवस आला नाही, पण गरम इंजिनाचा त्रास तसाच राहिला आणि नवव्या दिवशी घाटात तो कोड परत आला. नळीत बुडबुडे नाहीत. कपलर स्वच्छ आहेत. कॉम्प्रेशन एका ओळखीच्या मेकॅनिककडून मोजून घेतले, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत.

लाइव्ह डेटावर रेलचा दाब पाहिला. सकाळी गार इंजिनाला सेल्फ मारताच दोन सेकंदांत दाब २६० बारवर गेला. तासाभराच्या प्रवासानंतर तोच आकडा १४० ते १६० च्या दरम्यान घुटमळत राहिला आणि आठव्या सेकंदाला २०० च्या वर गेला, त्याच क्षणी इंजिन सुरू झाले. हे पाहताना आपण समजावलेली सगळी क्रिया डोळ्यांसमोर उभी राहिली.

बॅक लीकचे आकडे, गरम इंजिन, तीन मिनिटे आयडलिंग : पहिला १८ मिलि, दुसरा २६ मिलि, तिसरा ७४ मिलि, चौथा १९ मिलि. तिसऱ्याची नळी पहिल्या मिनिटापासूनच थेंबांऐवजी सलग धार सोडत होती. आता फक्त तिसरा काढावा की चारही, आणि तो नवा घ्यावा की दुरुस्त करून घ्यावा?

उत्तर ५ : नोझलवाला (कोल्हापूर)

आता शंका उरली नाही. तिसऱ्याचा दोष सिद्ध झाला आहे, पहिला आणि चौथा उत्तम आहेत, दुसरा किंचित पुढे आहे पण चिंतेचा नाही. तिसरा काढाच, आणि दुसराही सोबत काढून ज्या वर्कशॉपमध्ये कॉमन रेलचे टेस्ट बेंच आहे तिथे दोन्ही लावून पाहा. हेडमधून काढल्याशिवाय बेंचवर लावता येत नाही आणि बॉनेट एकदा उघडलेच आहे, म्हणून दुसऱ्याचा सल्ला देतो. पहिल्या व चौथ्याला मात्र हात लावू नका, कारण चांगला बसलेला इंजेक्टर उगाच उपटण्यात धोकाच असतो.

बेंचवर एकाच दाबावर डिझेल मोजून दिलेला निकाल स्वीकारू नका. आयडलिंग, पूर्ण लोड, मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा पायलट फवारा आणि रिटर्न, अशा चारही ठिकाणचे आकडे छापील कागदावर मागून घ्या. टक-टक आवाजाचे मूळ बऱ्याचदा पायलटच्या आकड्यात असते : तो फवारा नीट पडला नाही की मुख्य डिझेल एकदम पेटते आणि इंजिन ठोके देते.

दुरुस्तीत व्हॉल्व्ह सेट, म्हणजे गोळी बसते ती बैठक आणि तिचा दांडा, आणि गरज असल्यास नोझल बदलतात. दोन्ही मूळ उत्पादकाच्याच बनावटीचे घालत असतील आणि काम धूळमुक्त खोलीत होत असेल, तर दुरुस्त केलेला इंजेक्टर पुष्कळ वर्षे चालतो. कॉइल गेली असेल किंवा अंगालाच चीर असेल तर नवा घ्यावा.

उत्तर ६ : गोदाकाठ (नाशिक)

मी मेकॅनिक नाही, परंतु इंजेक्टर बसवताना झालेल्या दोन चुकांची किंमत मी मोजली आहे, म्हणून लिहितो. माझ्या गाडीचा एक इंजेक्टर नवा घातला तेव्हा तांब्याचे जुने वॉशर घासून परत वापरले गेले. चार महिन्यांत त्या फटीतून जळालेला वायू वर येऊ लागला आणि इंजेक्टरभोवती दगडासारखा काळा थर जमला. पुढच्या वेळी तो इंजेक्टर हेडमधून निघता निघेना. दोन दिवस गंज सोडवणारे तेल मुरवत ठेवून, खेचण्याच्या खास पुलरने तो काढावा लागला आणि मजुरीच वॉशरच्या किमतीच्या कितीतरी पट झाली. वॉशर प्रत्येक वेळी नवेच, आणि ते ज्या बैठकीवर बसते ती कटरने साफ केलेली, एवढे स्वतः समोर उभे राहून पाहा. साफ करताना विहिरीतील कचरा सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून तोंड बंद करतात की नाही तेही पाहा. बोल्ट अंदाजाने न आवळता पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळावा.

दुसरी चूक कोडची. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षरे व अंक कोरलेले असतात. तो इंजेक्टर किती मोजूनमापून फवारतो त्याची ती ओळख असते आणि आपल्यासारख्या बहुतेक गाड्यांत ती स्कॅनरने ईसीएममध्ये भरावी लागते. माझ्या गाडीत ती भरलीच नव्हती. नवा इंजेक्टर असूनही गाडी ठोके देत राहिली, आणि मी आठ महिने इंजेक्टरलाच दोष देत होतो. कोड भरताच दहा मिनिटांत आवाज गेला. काढण्यापूर्वी चारही कोडचे फोटो काढून ठेवावेत.

अजिंक्यतारा (सातारा)

काम पूर्ण झाले असून दोन महिने गाडी वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

तिसरा इंजेक्टर बेंचवर लावला तेव्हा रिटर्नचा आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त आला आणि पायलटचा फवारा जवळपास पडतच नव्हता. उघडल्यावर त्यांनी मला भिंगातून बैठक दाखवली. गोळीच्या गोल बैठकीच्या एका कडेला केसाएवढी रेघ कोरलेली दिसत होती, जणू पाण्याने खडकात ओघळ पाडावा तशी. त्या एवढ्याशा रेघेने तीन महिने आम्हाला वाटेत थांबायची धास्ती लावली होती. व्हॉल्व्ह सेट आणि नोझल दोन्ही बदलले. दुसरा इंजेक्टर सर्व चाचण्यांत बसला, फक्त रिटर्नचा आकडा मर्यादेच्या जवळ असल्याचे त्यांनी कागदावर लिहून दिले आहे.

वॉशर दोन्ही नवी घातली, बैठक कटरने साफ झालेली मी पाहिली. दुरुस्तीनंतर त्या वर्कशॉपच्या बेंचने तिसऱ्यासाठी नवा कोड काढून दिला आणि तो ईसीएममध्ये भरून घेतला. फिल्टर, बेंचची तपासणी, सुटे भाग आणि मजुरी धरून एकूण खर्च ११,४०० रुपये आला. आता गरम इंजिन दीड सेकंदात सुरू होते, धूर नाही, थरथर नाही. परवा आईला घेऊन परतताना खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. बाटल्या पुन्हा लावून मोजले : १८, २५, १७ आणि १९ मिलि. अ‍ॅव्हरेज २० च्या वर आले आहे.

एकच विचारायचे राहिले. दुसऱ्या इंजेक्टरची पुढील मोजणी केव्हा करावी?

उत्तर ७ : नोझलवाला (कोल्हापूर)

वाचून फार समाधान वाटले. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी, म्हणजे सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर, त्याच बाटल्या, तीच तीन मिनिटे आणि तितकेच गरम इंजिन ठेवून मोजा. आजचे चार आकडे, तारीख आणि किलोमीटर एका कागदावर लिहून सर्व्हिस बुकात चिकटवून ठेवा, म्हणजे पुढे कोणत्याही मेकॅनिकला तुलना करता येईल. दुसऱ्याचा आकडा पन्नाशीच्या पुढे जाईपर्यंत किंवा गरम सेल्फ पुन्हा लांबेपर्यंत त्याला जागेवरच राहू द्या. आणि फिल्टरमध्ये पाण्याचे थेंब निघाले होते, तेव्हा पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टरखालचा स्क्रू सैल करून वाटीभर डिझेल काढून पाहत जा. रिटर्नच्या पिनांचे प्लॅस्टिक जुने झाले असेल तर चारही लॉक आता नवे घालून घ्या, पुढच्या वेळी काढताना ते हमखास तुटतात.